दोन भेकरं आणि एक काडी

त्या दुपारीही आईनं परीक्षा घेतलीच. जेवणाची सुट्टी झाली की लेक रस्त्यापलीकडच्या छापखान्यातून डबा घेऊन प्राणिबागेत यायची, आणि छोट्या हरणांच्या कुंपणापाशी त्यांची देखभाल करणारी आई तयारच असायची. अंगात खाकी सदरा, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दातांत गवताची काडी.

"सांग शहाणे, ती डावीकडची कोण?"

आत दोन माद्या होत्या. एक साधं भेकर, एक चिनी भेकर. दोघी कुत्र्याएवढ्या, दोघी तांबूस, आणि दोघींचे पाय इतके बारीक की दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे वाटावेत. नवखा माणूस त्यांना जुळ्या बहिणी समजून मोकळा होई. बागेतले कामगारसुद्धा फसत, आणि फसले की आई म्हणे, "डोळे आहेत का सदऱ्याची बटणं?"

लेक मात्र कधी चुकत नसे. ती मुद्रितशोधक होती. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतले चुकलेले काने-मात्रे हुडकून काढण्यावर तिचं पोट. आई सगळ्यांना सांगत फिरे, "आमची बाई अनुस्वार सोडत नाही, ती भेकर सोडेल होय? नजर माझी घेतलीय तिनं."

खरी गोष्ट निराळी होती. लेकीनं हरणांवरची जाडजूड पुस्तकं वाचली होती, पानंच्या पानं तिला तोंडपाठ होती, पण जिवंत जनावर समोर आलं की तांबूस तेवढं सगळं एकच. लहानपणी आईनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती घाबरून आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिला घबाड सापडलं. उत्तर बरोबर असलं की आईच्या ओठांतली काडी टोक वर करायची. चुकत असलं की मान टाकायची. आईला याचा पत्ताही नसावा. तेव्हापासून लेक शब्द लांबवत बोले आणि काडी बघून वाक्य पुरं करी.

"ही आपली... साधी..." काडीनं मान टाकली. "...साधी वाटते खरी, पण आहे चिनी."

"शाब्बास!" आई म्हणाली. मग तिनं काडी तोंडातून काढली आणि जपून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "उद्या मी तुझ्याकडे पाठ करून उभी राहणार. मग बघू काय सांगतेस."

"का गं? म्हातारपणी नवे नियम?"

"म्हातारी होशील तू. डबा उघड, भूक लागलीय."

लेकीनं डबा उघडला. पुस्तक काढून पुन्हा बसावं, की सरळ कबूल करून टाकावं? जाऊ दे, उद्याचं उद्या, असं तिनं ठरवलं.

पहाटे आई झोपेतच गेली. जन्मभर घरादाराला हाका मारून उठवणारी बाई, कुणालाही न उठवता.

दोनएक महिन्यांनी छापखान्यात मामांचा फोन आला. मामा म्हणजे आईच्या जोडीनं हरणं सांभाळणारे, अख्ख्या बागेचेच मामा.

"पोरी, अडचण आहे. एक खासगी प्राणिबाग बंद झाली, तिथल्या दोन माद्या आल्यात. मालक म्हणतो, एक साधी आणि एक चिनी घेतली होती. त्यातली कोणती कुठली, ते माळ्याला ठाऊक होतं."

"मग माळ्याला विचारा."

"माळी पळाला. डॉक्टरांनी केस तपासायला पाठवलेत, पण उत्तर येईस्तोवर यांना ठेवायला रिकामी जागा नाही. आजच एकेकीला आपापल्या जातीच्या नराकडे सोडायचंय. आणि आमचे नर काय, कूळ विचारत बसणारे नाहीत! जोडी चुकली तर पिल्लू खेचरासारखं, पुढे वंश बंद. तुझ्याकडे आईची नजर आहे. ये."

नाही म्हणावं, तर आई इतकी वर्षं खोटं सांगत फिरली असं झालं असतं. लेक गेली.

माद्या कोपऱ्यात उभ्या होत्या. पुरं वाढलेलं साधं भेकर जरा थोराड असतं, पण मोठी ती साधी, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण एक अजून वाढत होती. लेकीनं सवयीनं सुरुवात केली, "ही आपली... साधी..." आणि मान वळवून शेजारी बघितलं.

काडी नव्हती. तिथे मामा होते आणि बागेचे तरुण डॉक्टर होते, आणि दोघंही श्वास रोखून तिच्याच तोंडाकडे बघत होते.

तिला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "माझ्या तोंडाकडे काय बघताय? हरणं तिकडे आहेत."

"हरणांकडे बघून थकलो, ताई," डॉक्टर म्हणाले.

मग ती कुंपणाकडे वळली. अवघड मजकूर आला की ती तो शेवटाकडून वाचत असे, म्हणजे मन अर्थात गुंतत नाही आणि चूक निसटत नाही. तशीच तिनं हरणं वाचायला घेतली, शेपटीकडून. शेपटी, पाठ, खांदा. घाई नाही. एकीनं पाला खायला मान खाली घातली, आणि कानांच्या मधून मानेवर उतरणारा काळा पट्टा दिसला, कुणी काजळाचं बोट ओढावं तसा. कपाळावरही पतंगाच्या आकाराचा काळा डाग. दुसरीची मान कोरी होती. हे सगळं आईनं शंभरदा सांगितलं होतं. तेव्हा लेक काडीकडे बघत होती.

"पाला खाणारी चिनी," ती म्हणाली. वाक्य न लांबवता.

"पक्कं?"

"पक्कं. मानेवरचा पट्टा बघा."

डॉक्टरांनी वाकून बघितलं. "अरे, हो की!"

"म्हटलं नव्हतं?" मामा खूश झाले. "आईची नजर!"

दोघं मधलं दार उघडायला गेले. लेक कुंपणापाशीच राहिली. आई उभी राहायची तिथलं गवत बुटांखाली कायम चेपलेलं असे, आता ते तरारून वर आलं होतं. तिनं त्यातली एक काडी उपटली. त्या शेवटच्या दुपारी आईनं काडी जपून खिशात ठेवली होती, त्याचा अर्थ तिला आत्ता कुठे कळत होता. आईला पत्ता होता. कधीपासून, कोण जाणे.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, मामांनी वळून बघितलं तरी थांबली नाही, "इतकी वर्षं मी हरणांकडे बघितलंच नाही गं. मी तुझ्याकडेच बघत होते."