मेरिदाला दोन वाटांनी

ग्वादलाहाराहून मेरिदाला कसं जायचं, यावरून निकानोर आणि ओतिलिया या नवराबायकोत तीन आठवडे वाजत होतं. ईस्टरच्या सुट्टीत ओतिलियाच्या धाकट्या बहिणीकडे, रेमेदियोसकडे, आठ दिवस राहायला जायचं हे पक्कं होतं. भांडण होतं ते वाटेचं. विमानाने अडीच तास. बसने, मध्ये मेक्सिको सिटीत गाडी बदलून, तीस तास.

"तीस तास!" केकवर क्रीमची फुलं काढता काढता ओतिलिया म्हणाली. लग्नाचे केक करण्यात तिचा हात धरणारं आसपासच्या चार गल्ल्यांत कुणी नव्हतं. "तीस तास बसून माझे गुडघे पावासारखे फुगतील. मग बहिणीकडे मला काय हातगाडीवर घालून नेणार आहेस?"

"देश बघायचा तर जमिनीवरून जावं लागतं," निकानोर म्हणाला. "ढगात काय बघणार? कापूस?"

तो चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. त्याचा मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावरच पसरलेला असे. त्यावर घेवड्याच्या उसळीचा थेंब सांडून वेराक्रूझच्या किनाऱ्याजवळ एक नवंच बेट तयार झालं होतं.

खरी गोष्ट अशी, की निकानोरला विमानाची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही. डोक्यावरून विमान गेलं की हा अंगणातून घरात यायचा. पण वर्गातल्या पोरांना वारे आणि हवेचा दाब छातीठोकपणे समजावणाऱ्या माणसाने हे बायकोसमोर कोणत्या तोंडाने कबूल करावं? म्हणून तो देशप्रेमाच्या आड लपला होता.

शेवटी दोघं पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाळांनो, सगळ्या वाटा शेवटी देवाकडेच जातात. विमानाची जरा लवकर जाते एवढंच."

निकानोरला त्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही.

"ठरलं तर मग," एका सकाळी ओतिलिया म्हणाली. "तू तुझ्या बसने ये, मी माझ्या विमानाने जाते. जो आधी पोहोचेल, त्याचं पुढची दहा वर्षं ऐकायचं."

"मला एक दिवस आधी निघू दे."

"दोन दिवस आधी नीघ, म्हाताऱ्या. चालत गेलास तरी माझी हरकत नाही."

सोमवारी सकाळी आठला निकानोर बसमध्ये बसला; ओतिलियाचं विमान मंगळवारी पहाटेचं होतं. खुर्ची मऊ होती, पाय लांब करायला जागा होती. मेक्सिको सिटीपर्यंत तो राजासारखा गेला. संध्याकाळी तिथून दुसरी बस धरली. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या मांडीवरच्या खोक्यात जिवंत टर्की होती. त्या पक्ष्याने पुएब्ला ओलांडेपर्यंत निकानोरच्या कोटाची दोन बटणं गिळली.

"घाबरू नका, गुरुजी," गृहस्थ म्हणाले. "उद्यापर्यंत परत मिळतील."

मंगळवारी पहाटे बस विलाएर्मोसाच्या स्थानकात शिरली आणि इंजिनातून भसाभसा धूर निघाला. चालकाने झाकण उघडून आत डोकावलं, क्रूसाची खूण केली आणि झाकण पुन्हा लावलं. "दुसरी गाडी येतेय," तो म्हणाला. सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले. उकाडा असा, की बाकावर बसलेला माणूस उठताना बाकही सोबत उचलायचा.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. ओतिलिया होती.

"पोहोचलीस?" निकानोरने विचारलं.

"कधीचीच! रेमेदियोसच्या अंगणात झोपाळ्यावर पडलेय. समोर कैरीचं सरबत आहे. विमान म्हणजे काय सांगू तुला, लोणी नुसतं! तू कुठे आहेस?"

हरलो, निकानोरला वाटलं. पण अशी सपशेल शरणागती त्याच्या स्वभावात नव्हती. "मी? गाडी वाऱ्यासारखी चाललीय. डावीकडे निळाशार समुद्र. मासेसुद्धा दिसतायत."

"बसमधून मासे?"

"उडणारे आहेत."

मागून टर्की ओरडली.

"हे काय ओरडलं?" ओतिलियाने विचारलं.

"समुद्रपक्षी. तुझ्याकडे एवढा गोंगाट कसला?"

"रेमेदियोसचे शेजारी. मोठं कुटुंब आहे."

तेवढ्यात स्थानकाच्या भोंग्यातून आवाज आला: मेरिदाला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. निकानोरने तो आवाज डाव्या कानाने वरून ऐकला. उजव्या कानाने फोनमधूनही ऐकला. क्षणभर त्याला वाटलं, उन्हाने आपलं डोकं फिरलं. मग तो हळूच वळला.

त्याच्यामागे, पाठीला पाठ लावलेल्या बाकावर, एक बाई बसली होती. एका हातात फोन होता, दुसऱ्यात कोको घातलेल्या मक्याच्या थंड पेयाचा कटोरा. तिची रविवारची टोपी वाकडी झाली होती.

"सरबत गोड आहे का?" निकानोर फोनमध्येच म्हणाला.

ओतिलिया वळली. कटोरा कलंडला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, फोन कानाला तसेच.

"मासे कुठे आहेत?" ओतिलियाने विचारलं.

"झोपाळा कुठे आहे?"

मग ओतिलियाने सगळं सांगितलं. मेरिदावर दाट धुकं होतं. विमान तीन घिरट्या घालून विलाएर्मोसाला उतरलं, आणि पुढे जाण्यासाठी कंपनीने सगळ्यांच्या हातात बसची तिकिटं ठेवली. "काय ती घिरट्या घालायची रीत!" ती म्हणाली. "मी शेजारच्या माणसाचा हात असा धरला होता, की बिचाऱ्याला उतरताना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. चष्मे विकतो म्हणाला. मी त्याच्याकडून दोन घेतले, लाजेने."

"तू घाबरलीस?" निकानोरचा चेहरा असा उजळला, जणू लॉटरी लागली. "ओतिलिया, मी सांगतो तुला. मला तर विमान बघूनच घाम फुटतो. देश-बिश काही बघायचा नव्हता मला."

"ते मला लग्नाआधीपासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कबूल कधी करतोस ते बघत होते. चाळीस वर्षं लागली."

आता शर्यतीचं काय, हा प्रश्न उरला. दोघांनाही एकाच बसमध्ये बसायचं होतं. बस लागल्यावर निकानोर सभ्यपणे बाजूला झाला. "आधी तू." ओतिलियाने पायरीवर पाय ठेवला. मग तिच्या लक्षात आलं, की बसला उतरायचं दारही तेच एक आहे. म्हणजे जो शेवटी चढेल, दाराशी बसेल आणि आधी उतरेल, तो जिंकणार!

"नाही, आधी तू," ती म्हणाली.

"छे छे, बायका आधी."

"वडीलधारे आधी."

"चढा हो कुणीतरी!" मागून चष्मेवाला कळवळला. शेवटी टर्कीवाल्या गृहस्थाने दोघांना एकाच धक्क्यात आत ढकललं. दोघं मधल्या वाटेत एकमेकांवर पडली, आणि ओतिलिया अशी हसत सुटली, की चालकाला वाटलं तिला उचकी लागलीय. त्याने पाण्याची बाटली मागे धाडली.

मेरिदाला बस संध्याकाळी पोहोचली. रेमेदियोस फणफणत उभी होती. सकाळपासून विमानतळाच्या तीन चकरा झाल्या होत्या तिच्या.

"दोघं एकाच गाडीतून?" ती ओरडली. "मग तीन आठवडे फोनवर माझं डोकं कशाला खाल्लंत?"

ओतिलियाने बॅग उघडून तिला एक चष्मा दिला. रेमेदियोसने तो तिथल्या तिथे डोळ्यांवर चढवला, स्थानकाभोवती नजर फिरवली आणि म्हणाली, "अगंबाई, हे एवढं घाण आहे होय!"

मग ती दोन्ही बॅगा उचलून पुढे चालू लागली, आणि पाहुणे तिच्यामागून निघाले.