टोकाकडची वाट

मॅलकीनं तिसऱ्यांदा दगड घातला तेव्हा फुटला तो दगडच. कुलपावर ओरखडाही उठला नाही. कुरणाच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे बघून त्यानं डब्लिनच्या त्या नव्या मालकाच्या बापापासून सगळ्यांचा उद्धार केला, हाताचं रक्त रबरी पोशाखाला पुसलं आणि सर्फिंगचा बोर्ड पुन्हा काखेत मारला.

"झालं समाधान?" डिम्प्ना म्हणाली. "चल आता. समुद्र तुझ्या रागासाठी थांबायचा नाही."

त्या कुरणातून समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकाकडे जाणारी पायवाट मॅलकीच्या आजोबांच्याही आधीची. समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या बायका त्या वाटेनं जायच्या आणि गेली चाळीस वर्षं लाटांवर स्वार व्हायच्या नादाला लागलेली गावातली ही मंडळी. कुरण विकलं गेलं त्याला दोन वर्षं झाली, पण मालकानं फाटक घातलं ते या ऑगस्टमध्ये. तेव्हापासून टोकाशी पोचायचं तर पुळणीवरून पाण्यात शिरायचं, बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवत अर्धा तास जायचं. नोव्हेंबरच्या अटलांटिकमध्ये अर्ध्या तासानं बोटं आपली राहत नाहीत.

पुळणीवरच्या लाटांत काही अर्थ नव्हता. आज तर त्या भिंत पडावी तशा एकदम कोसळत होत्या. टोकाची लाट वेगळी. खडकाला वळसा घालून येणारी, एका बाजूनं सावकाश फुटत जाणारी; तिच्यावर उभं राहिलं की माणूस थेट खाडीच्या तोंडापर्यंत यायचा.

दोघंही सत्तावन्न वर्षांची, एकाच वर्गातली. मॅलकी शाळेची बस चालवायचा, डिम्प्ना टपाल वाटायची. गेल्या वसंतात तिचा नवरा यूनन दीर्घ आजारानं गेला. महिन्याभरानं मॅलकीनंच तिला ओढून पाण्यात आणलं होतं.

वल्हवताना तो सगळा वेळ बोलत राहिला. मालकापेक्षा विकणाऱ्यावर त्याचा राग जास्त होता. कुरण डिम्प्नाच्या मामाचं. मामा गेल्यावर ते बॉस्टनच्या पुतण्याकडे गेलं असं गाव धरून चालत होतं. हा पुतण्या कधी गावात आलाच, तर त्याला याच खडकावर बांधून भरतीची वाट बघत बसेन, असं मॅलकी म्हणाला. डिम्प्ना खाली मान घालून वल्हवत होती. टोकाशी पोचल्यावर दोघं बोर्डांवर बसून लाटेची वाट पाहू लागली, तरी त्याचं चालूच होतं.

"पुतण्याचं नव्हतं ते," ती म्हणाली.

"मग कुणाचं?"

"माझं. मामानं माझ्या नावावर केलं होतं. मी विकलं."

मागून लाटांची रांग आली. पहिली लाट दोघांच्या खालून निघून गेली, दुसरीही. मॅलकी तिच्याकडे पाहत होता.

"वाट उघडी ठेवतो म्हणाला होता तो," ती म्हणाली. "तोंडी."

"तीन महिने माझ्या शेजारी बसून ऐकतेयस," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "तीन महिने मी शिव्या देतोय, आणि तू माना डोलावतेयस."

तिसरी लाट नियमानं तिची होती, कारण ती लाटेच्या माथ्याला जास्त जवळ होती. मॅलकीनं सरळ तिच्या पुढ्यात बोर्ड घातला, लाट हिसकावून घेतली आणि एकदाही मागं न बघता पुळणीकडे निघून गेला. चाळीस वर्षांत त्यानं असं कुणाशीही केलं नव्हतं.

वाळूवर येऊन त्यानं पोशाख कमरेपर्यंत सोलून काढला आणि मगच वर पाहिलं. ओहोटी जोरात लागली होती. खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि त्या ओढीत डिम्प्ना अडकली होती. हात चालले होते, पण मागचा खडक जिथल्या तिथं होता. मग हातांची गती मंदावली.

मॅलकी तिला नावं ठेवत, ओला बर्फगार पोशाख पुन्हा अंगावर चढवून पाण्यात शिरला. तिच्याजवळ पोचला तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

"ओढ आडवी काप," तो ओरडला. "ओढीशी भांडू नकोस."

"माहितीये मला," ती म्हणाली. शब्द जड झाले होते.

तो ओढीच्या बाजूला, तिला लागून वल्हवत राहिला. ती मागं पडली की थांबायचा. हात मात्र त्यानं दिला नाही, तिनंही मागितला नाही. वाळूला लागल्यावर ती गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"यूननला इस्पितळात मरायचं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "नर्स रात्रंदिवस लागायची."

दीड वर्ष दर रविवारी मॅलकी घरी यूननच्या पलंगाशी बसला होता. त्या नर्सच्या हातचा चहा पीत, यूननला खिडकीतून टोकाच्या लाटा दाखवत. हे सगळं कुठल्या पैशावर चाललंय, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

तो तिला घरी सोडायला थांबला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर गावातले लोक सभागृहात जमले. विषय फाटकाचाच. किराणा दुकानवाली कन्सेप्टा उठली आणि म्हणाली, आधी विकणाऱ्याचं नाव शोधून काढू; जमीन नोंदणीच्या कचेरीत एक पत्र टाकलं की कळेल. लोकांनी माना हलवल्या आणि मॅलकीकडे पाहिलं, कारण याच मागणीसाठी सगळ्यात जास्त घसा त्यानंच कोरडा केला होता. दोन खुर्च्या पलीकडे डिम्प्नानं मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि उठायला म्हणून पाय पुढं घेतले.

तिच्या आधी मॅलकी उठला.

"विकणारा मेला असं समजा," तो म्हणाला. "मी तर समजलोय. पत्र टाकायचंच तर वाटेच्या हक्काचं टाका. शेवाळ काढायला जायच्या त्यातल्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत. वाट जुनी असल्याची त्यांची साक्ष घ्या, त्या आहेत तोवर."

कन्सेप्टानं विचार केला आणि लिहून घेतलं. म्हाताऱ्यांकडे कोण जाणार, असं तिनं विचारलं.

डिम्प्नानं पर्स खाली ठेवली.

"मी जाईन," डिम्प्ना म्हणाली. "दोघींचं टपाल मीच देते."

मॅलकीनं तिच्याकडे न पाहता टोपी घातली.

"लांबची आहेत घरं," तो वहीकडे बघत कन्सेप्टाला म्हणाला. "मंगळवारी शाळेला सुट्टी आहे. बस रिकामी असेल, म्हणावं तिला."