पट्ट्यांनी बांधलेले कांबळे

मित्रांनो, मी एक जुने लष्करी कांबळे आहे. रंगाने राखाडी, जाड आणि टोचरे. माझ्या एका कोपऱ्यावर ग्वाल्हेर संस्थानाचा शिक्का आहे, आता पुसट झालेला. मेंढीच्या अंगावरून चरख्यावर, मागावरून कोठारात आणि तिथून सूर्याजी नावाच्या शिपायाच्या खांद्यावर, असा माझा प्रवास झाला. त्याच्याबरोबर मी पहारे केले, भिजले, वाळले. "हे आहे म्हणून थंडी वाजत नाही," असे तो म्हणे. माझी स्तुती काय ती एवढीच झाली.

मग संस्थान विलीन झाले आणि त्याची फौज देशाच्या सेनेत गेली. सूर्याजीला नवे कांबळे मिळाले आणि त्याला काश्मीरच्या लढाईवर जाण्याचा हुकूम आला. तो मला परत द्यायला गेला, तेव्हा कोठारवाला हसला. "ले जाओ भैया, जिसकी मोहर है वो राज ही नहीं रहा!"

म्हणून मी घरी राहिले. घर म्हणजे ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर नावाच्या भागाच्या टोकाला शिपायांच्या चाळीतली एक खोली. तिथे सूर्याजीची बायको विजयाबाई, आई सुलोचनाबाई आणि नुकती चालू लागलेली मुलगी कुमुद राहत. पंजाबातून आलेल्या निर्वासितांनाही त्याच चाळीत जागा द्यावी लागली होती. आमच्या खोलीत मधोमध गोणपाट टांगले होते आणि त्यापलीकडे सतवंती नावाची बाई आणि तिचा नवरा राहत. कोळसा मिळत नव्हता. ओली लाकडे खोलीतच धुमसत. थंडी शिरू नये म्हणून एकुलती एक खिडकी चिंध्यांनी बुजवली होती. सगळेच खोकत, त्यामुळे खोकल्याकडे कोणी लक्ष देत नसे.

सतवंती कोणाशी बोलत नसे. रोट्या भाजायची आणि भिंतीकडे बघत बसायची. चाळीतली मुले तिला मुकी समजत.

पौषात कुमुदला खोकला झाला, मग ताप चढला. सुलोचनाबाईंनी मला काढले, तिला माझ्यात हनुवटीपर्यंत गुंडाळले आणि वरून सूर्याजीच्या जुन्या पायपट्ट्या बांधल्या. शिपाई पोटऱ्यांना गुंडाळतात, त्या लांब लोकरी पट्ट्या.

"आत्याबाई, फार आवळलंत हो," विजयाबाई सासूला म्हणाली.

"असू दे. शिपायाची पोर आहे. अशाच पट्ट्या बांधून तिचा बाप डोंगर चढतोय. तुमच्या माहेरी पोरं उघडी टाकत असतील, सूनबाई!"

विजयाबाईने सासूकडे पाहिले आणि ती चुलीकडे वळली.

आत काय चालले होते, ते फक्त मला कळत होते. कुमुदचा श्वास भराभर चालला होता. प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्यांखालची जागा आत ओढली जाई, माझ्या लोकरीपासून दूर होई आणि पुन्हा येऊन टेके. बाहेरून मात्र माझी घडीही हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने दूध घेतले नाही. मग तिचे रडणेही थांबले.

"बघ, ऊब लागली. कशी शांत निजली," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मला बोलता येत नाही. मी तसेच राहिले. मला काही वाटले का? लोकरीला काय वाटणार!

थोड्या वेळाने गोणपाट बाजूला झाले. सतवंती उभी होती. ती कुमुदच्या नाकपुड्यांकडे पाहत होती. त्या फुलत होत्या.

"खोलो," ती म्हणाली.

"अगं बाई, ही बोलते!" सुलोचनाबाई दचकल्या. "नहीं नहीं, हवा लग जाएगी पोरीला!"

"पसली देखो, बहनजी. ऊपर से कुछ नहीं दिखता."

विजयाबाईने ह्या वेळी सासूकडे पाहिले नाही. गाठ हाताने सुटेना, तशी तिने ती दातांनी सोडवली. मी बाजूला पडले. झबले वर केले. छातीच्या खाली खळगा पडत होता, भरत होता, पुन्हा पडत होता. मग सुलोचनाबाई उठल्या आणि अनवाणीच टांगा बघायला रस्त्याकडे धावल्या.

"निमोनिया आहे," इस्पितळात डॉक्टर म्हणाले. "श्वास पाहिला नाहीत का कोणी?"

"बांधून ठेवली होती," विजयाबाई म्हणाली.

सुया सुरू झाल्या. मी खाटेच्या पायथ्याशी घडी होऊन पडले होते. कुमुद जगेल की नाही, हे कोणी सांगत नव्हते आणि विजयाबाईही विचारत नव्हती. ती फक्त त्या छातीकडे बघत बसे. हळूहळू खळगा उथळ झाला. एके सकाळी कुमुदने दुधासाठी भोकाड पसरले. विजयाबाईला हसू आले नाही आणि रडूही नाही. तिने वाटी धरली.

घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी खिडकीतल्या चिंध्या स्वतः उपसल्या आणि चूल पडवीत नेली. विजयाबाईने सतवंतीला विचारले, "तुमको कैसे समझा?"

"मेरा मुन्ना भी कँप में ऐसे ही चुप हुआ था, रजाई में. सब बोले, आराम आ गया. मैंने भी नहीं खोला." एवढे बोलून सतवंती तव्याकडे वळली. विजयाबाईने तवा उतरवला आणि कुमुदला तिच्या मांडीवर ठेवले. सतवंतीचा हात बराच वेळ हवेतच राहिला. मग तो त्या छातीवर टेकला आणि श्वासाबरोबर वरखाली होऊ लागला.

मित्रांनो, आता मला कसर लागली आहे. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. पण घरात लहान भावंड आजारी पडले, दूध सोडून एकदम गप्प झाले, तर मोठ्यांना हाक मारा. पांघरूण काढायला लावा. फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर लगेच डॉक्टरकडे न्यायला सांगा. आम्हा कांबळ्यांना फक्त झाकता येते. उघडून पाहायला माणूसच लागतो.