शून्यानंतर

"तीन, दोन, एक, शून्य!" मुलं ओरडली आणि बालवाडीच्या मदतनीस मावशींनी सायकलच्या पंपाचा दांडा खाली दाबला.

बाटली जागची हलली नाही.

पटांगणाच्या मधोमध, लाकडी चौकटीत ती उलटी उभी होती. आत थोडं पाणी, तोंडात घट्ट बूच, बुचातून गेलेली पंपाची नळी. बालवाडीच्या बाईंनी काल घरी दोनदा उडवून पाहिली होती. दोन्ही वेळा दहाव्या दाबाला बूच सुटलं होतं. आज पंधरा झाले होते.

"अजून एक देते, जाईल फटकन," मावशी म्हणाल्या.

"नको. हात काढा आणि मागे या."

बाटलीचं प्लास्टिक ताठ झालं होतं. सगळ्यांना आधी वर्गात न्यायचं, असं मनाशी ठरवून बाई दोरीमागच्या मुलांकडे वळल्या आणि मोजू लागल्या. सोळातली पंधराच.

"बाई, मुंगी तिकडे गेली."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहान चणीची मुलगी. दोरीखालून ती कधी सटकली कोणाला कळलं नव्हतं. आता ती बाटलीपाशी उकिडवी बसली होती, प्लास्टिकला कान लावून.

मावशींनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. ओरडलं तर ती दचकणार, दचकली तर हात बाटलीवर पडणार. बाईंनी आवाज रोजच्यासारखाच ठेवला.

"मुंगे, काय ऐकू येतंय गं?"

"आत कोणीतरी शूऽऽ करतंय."

"हो का? मला कानात सांग ना. इकडे येऊन. हळूच, कोणाला कळू न देता."

मुंगीने जरा विचार केला. उठली. एक पाऊल, दोन, तीन. मग थांबून मागे पाहिलं. तिची चप्पल चौकटीजवळ राहिली होती.

"राहू दे ती. आधी गुपित."

"पण आई रागावेल."

"आईला मी सांगते."

ती वळली. बाईंनी हात पुढे केले होते. मुंगी त्यांच्या मिठीत आली आणि कानाशी तोंड नेऊन "शूऽऽ" म्हणाली, तोच मागे धाडकन आवाज झाला.

बाटली सरळ गेलीच नाही. चौकट उलथवून, जमिनीलगत सुसाटत जाऊन ती कुंपणाच्या भिंतीवर आदळली. पाण्याचा सपकारा दोघींच्या अंगावर आला. मुलांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत जोरात मुंगीने.

"काही झालं नाही ना? मग कशाला सांगताय?" मुलं घरी निघायच्या वेळी मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "उगाच विकतचं दुखणं."

पण मुंगीची आई फाटकाशी दिसताच बाई पुढे गेल्या. आई नर्स होती, ड्यूटीवरून थेट आलेली. बाईंनी काहीच गाळलं नाही. आपली पाठ वळली होती, हेही नाही.

आईने तिथेच गुडघ्यांवर बसून मुंगीचे डोळे पाहिले, कान पाहिले, दहाही बोटं एकेक करून दाबली. लेकीला कडेवर घेतलं आणि मागे न पाहता निघून गेली.

रात्रभर बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मुंगी आली. तिचा हात धरून आईही वर्गात आली.

"मी आज इथेच बसते," ती म्हणाली. "चालेल?"

बाईंनी मान डोलावली. मुलांची एक बुटकी खुर्ची पुसून तिला भिंतीशी मांडून दिली. गुडघे छातीशी घेऊन ती बसली.

त्या दिवशी फुगे होते. वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणलेला, दोऱ्यात ओवलेली कागदी नळी, तिला चिकटवलेला फुगा. तोंड सोडलं की हवा मागे, फुगा पुढे. मुंगीचा फुगा निम्म्या वाटेत फट्‌कन फुटला.

मुलं खदखदून हसली. भिंतीपाशी आई आणि फळ्यापाशी बसलेल्या बाई, दोघी एकदमच उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. लगेच खाली बसणं दोघींनाही जमलं नाही.