गाडीतला सैतान

शनिवारी सकाळी आदिस अबाबाच्या वेशीबाहेर, वाहतूक सुरू व्हायची होती त्या नव्या रस्त्यावर अशी गर्दी लोटली होती की भाजलेले सातू विकणाऱ्या बायांना टोपली टेकवायला जागा मिळेना. टॅक्सीवाले तर बायकापोरं घेऊन आले होते. विजेच्या गाड्यांनी त्यांच्या पोटावर पाय आणला होता, आणि त्या गाड्यांमधला सैतान आज 'अबा', म्हणजे पाद्रीबाबा, म्हणवणारे झेरिहुन सगळ्यांदेखत बांधणार होते.

जरीची छत्री डोक्यावर धरवून अबा आले. कुठल्या चर्चनं यांना दीक्षा दिली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण दाढी भरघोस होती आणि आवाज खणखणीत, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं.

आयनालेम शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिला या तमाशात यायचंच नव्हतं, पण थोरली बहीण बिझुनेश स्वतःच्या पोरीला शेजारणीकडे ठेवून तिला हाताला धरून घेऊन आली होती. त्या पोरीला, नऊ वर्षांच्या फिकिर्तेला, फेफरं यायचं. डॉक्टरच्या गोळ्यांनी दोन वर्षं ते गप्प होतं. अबा म्हणाले होते, तीर्थ आणि गोळी एका पोटात नांदत नाहीत, गोळी सोड.

"ताई, गोळ्या चालू आहेत ना?" आयनालेमनं विचारलं.

"आज बघू दे. लोखंडातला सैतान ज्याला बांधता येतो, त्याला माझ्या पोरीतला का नाही येणार?" बिझुनेश तिच्याकडे न बघताच म्हणाली.

रस्त्यावर दोन गाड्या शर्यतीला उभ्या राहिल्या. एक गेतनेत नावाच्या चालकाची, विजेवरची, पांढरी, चिनी बनावटीची. तिच्यात सैतान असल्याची हाकाटी झाल्यापासून गेतनेतला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून बिचारा स्वतःच ती इथं घेऊन आला होता. शेजारी तिच्या आजीच्या वयाची निळी-पांढरी पेट्रोल टॅक्सी. रुमाल पडला. टॅक्सी खोकली, थरथरली, मग हलली. तोवर पांढरी गाडी हूं की चूं न करता पार टोकाला पोचली होती.

"पाहिलंत?" अबा गरजले. "खाणं नाही, धूर नाही, आवाज नाही! अरे, देवाचं गाढवसुद्धा ओझं उचलताना कण्हतं! आवाज न करता येतो तो कोण?"

"चोर!" टॅक्सीवाले ओरडले.

"आणि चोराचा बाप कोण?"

"सैतान!"

आयनालेमला हसू आवरेना. विजेच्या मोटरीचा जोर पहिल्या क्षणालाच पुरा लागतो. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फिरून दम धरावा लागतो, आणि या शहराच्या उंचीवरच्या विरळ हवेत तर ते जास्तच धापा टाकतं. हे ती दर वर्षी फळ्यावर लिहीत होती.

अबांनी खूण केली. मुलात नावाचा त्यांचा सेवक तीर्थाचा डबा घेऊन पांढऱ्या गाडीत शिरला, दार लावून बराच वेळ आत मंत्र पुटपुटत राहिला. बाहेर येण्याआधी त्यानं गाडीच्या टचस्क्रीनच्या पडद्यावर पांढरी शाल नीट टाकली.

"शाल काढायची नाही," अबांनी गेतनेतला बजावलं. "तो त्याचा डोळा आहे. नजर पडली तर आंधळा होशील."

रुमाल पुन्हा पडला. या वेळी पांढरी गाडी रांगू लागली. गेतनेत पाय दाबून दाबून घामाघूम झाला, आणि म्हातारी टॅक्सी खोकत खोकत त्याच्या पुढे निघून गेली. बायकांनी हर्षानं जिभा हलवून उलूलूचा गजर केला, टॅक्सीवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. बिझुनेश रडत होती.

"आता तरी पटलं का, मास्तरीणबाई?" तिनं धाकटीला विचारलं.

 आयनालेम गर्दीतून वाट काढत सरळ पांढऱ्या गाडीपाशी गेली आणि तिनं दार उघडलं.

"आंधळी होशील, पोरी!" अबा धावले.

"झाले तर तुमचाच चमत्कार," असं म्हणून तिनं शाल ओढली. पडद्यावर ओळीच्या ओळी चिनी अक्षरं होती. तिनं त्यांच्यावर फोन धरला आणि फोननं केलेला तर्जुमा मोठ्यानं वाचला. "'नवशिक्या चालकासाठी. जोर आणि वेग मर्यादित.' गेतनेत, हे कोणी सुरू केलं?"

"मला काय माहीत? मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. विकणाऱ्यानं चालू-बंद कसं करायचं तेवढं शिकवलं."

"मुलातला कळतं!" गर्दीतून एक टॅक्सीवाला ओरडला. "चिन्यांच्या रस्त्याच्या कंपनीत पाच वर्षं कोठारावर होता हा!"

मुलात मागच्या मागे सटकायला लागला. आयनालेमनं पडद्यावर एकदा बोट टेकवलं. "आता पळव. तीर्थ नको, मंत्र नको."

पांढरी गाडी अशी सुटली की टॅक्सीवाल्यानं स्वतःची गाडी सुरूच केली नाही.

मग गर्दीनं आपलं खरं रूप दाखवलं. जे अबांच्या पायाची धूळ कपाळाला लावत होते, त्यांनीच त्यांना टॅक्सीपुढे पळायला लावलं आणि मागून भोंगे वाजवले. जरीची छत्री गटारात गेली. लोकांना लाज वाटायला हवी होती, पण ते हसत होते.

बिझुनेश हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आयना, मी गोळ्या सोमवारीच संडासात टाकल्या गं."

गेतनेतनं दोघींना गाडीत घेतलं आणि जीव तोडून बिझुनेशच्या घराकडे गाडी हाकली. त्या दिवशी त्या गाडीइतकं वेगानं शहरात काही धावलं नसेल. तरी उपयोग झाला नाही. सकाळी शेजारीण कॉफी करत असताना फिकिर्तेला झटका आला होता आणि ती निखाऱ्यांच्या शेगडीवर कोसळली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. शेजारणीनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

"डोंगरापलीकडे दुसरे एक अबा आहेत, ते खरे आहेत," शेजारीण कळवळून म्हणाली.

आयनालेमनं पोरीला उचललं. फिकिर्तेनं डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं.

"आई, बांधला का गं अबांनी माझा सैतान?"



"सैतान नव्हताच, बाळा," आयनालेम म्हणाली. "आजार आहे. त्याला औषध आहे, ते आपण आता घ्यायला जातोय."

वाचकहो, देवाची प्रार्थना करा, तीर्थ प्या, कोणी तुमचा हात धरणार नाही. पण जो तुम्हाला औषध सोडायला सांगतो, त्याला चारचौघांत जाब विचारा. तो चिडेल, शाप देईल. त्याच्या शापानं आजवर कोणाचा केसही वाकडा झालेला नाही. आपल्या गप्प बसण्यानं मात्र फिकिर्तेचा हात गेला. चार दिवसांनी डॉक्टरांना तो कापावा लागला.