दोन कोऱ्या ओळी

ही गोष्ट १९९४ सालची, उन्हाळा सरत आला होता तेव्हाची. त्या वेळचे संगणक आठवतात का कुणाला? काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, बोट दाखवायला बाण नाही. हुकूम टंकायचा आणि वाट बघायची. हुकूम चुकीचा असला तरी तो बिचारा मुकाट्यानं पाळायचा. भीती त्या मुकाटपणाचीच होती, पण हे कळायला एक दुपार जावी लागली.

दवाखान्याच्या तळमजल्यावर स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली होती. तिथे असा एक संगणक होता आणि त्याच्यासमोर धाकटी बसायची. धाकटी म्हणजे घरातली धाकटी जाऊ. सासरी तिला कुणी नावानं हाक मारत नसे. दवाखान्यात ती 'यादीबाई' होती, कारण वर झोपलेल्या प्रत्येक रोग्यानं काय खायचं याची यादी तिच्या हातात होती. एका रोग्याची एक ओळ. आधी वॉर्ड, मग खाट, मग आहार: साधं, बिनसाखरेचं, बिनमिठाचं, गाळलेलं. छापखान्यासारखा आवाज करत यंत्र प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी छापायचं, आणि ती चिठ्ठी स्वयंपाकघरात ताटाला लागायची. चिठ्ठी नसलेल्या खाटेला साधं ताट, हा तिथला जुना रिवाज. उपाशी कुणी राहू नये म्हणून कुणीतरी घालून दिलेला.

रोज सकाळी वरून निरोप यायचा की आज अमुक अमुक घरी गेले. धाकटी त्यांच्या ओळी उडवायची. हे तिला संगणक सांभाळणाऱ्या तरुणानं शिकवलं होतं. तो वयानं तिच्याहून लहान, पण शिकवायची भारी हौस, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणत. "एनएल हा हुकूम दिला की ओळींना नंबर पडतात," तो सांगायचा. "नंबर कागदावर उतरवा. मग सेड या दुसऱ्या हुकुमाला ते नंबर द्या, तो बरोब्बर तेवढ्याच ओळी गाळतो. आणि हे बघा यादीबाई, मूळ फाइल मोडायची नाही. गाळलेली नवी करायची, जुनी तशीच ठेवायची. देव करो नि कधी लागू नये."

वर्षभर ती कधी लागली नव्हती.

त्या आठवड्यात धाकटीचा जीव आधीच टांगणीला लागलेला होता. तिचे मोठे दीर तिसऱ्या वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर होते. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आत टाके. नाकातली अन्नाची नळी काढून दोनच दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं वाटून, गाळून द्यायचं. कडक काही घशाखाली गेलं तर टाके उसवतील, नाहीतर घास श्वासनळीत जाईल. याच दिरांनी लग्नानंतर तिला संगणकाच्या वर्गाला घातलं होतं. थोरली जाऊ, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा कुरकुरली होती, "भांडी कोण घासणार, तो संगणक?" त्यावर भाऊजी म्हणाले होते, "मी घासेन." आणि खरंच चार महिने घासली.

आता थोरली त्यांच्या उशाशी बसून होती आणि येईल त्याला सांगत होती, "खाण्याचं मला बघावं लागत नाही हो. आमची धाकटीच लिहिते सगळं. ताटात येईल ते डोळे मिटून भरवावं."

आदल्या संध्याकाळी आहारबाई, म्हणजे आहार ठरवणाऱ्या मोठ्या बाई, चष्मा कपाळावर चढवून आत आल्या होत्या. "ही काय मुंग्यांची रांग लावली आहेस? कुठला वॉर्ड कुठे संपतो ते कळत नाही. मध्ये जागा सोड."

धाकटीनं पहिल्या आणि दुसऱ्या वॉर्डाच्या मध्ये एक, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक अशा दोन ओळी कोऱ्या सोडल्या. यादी कशी घर सारवल्यासारखी दिसायला लागली. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिघे घरी गेले, प्रत्येक वॉर्डातला एक. तिनं एनएलनं नंबर पाहिले, कागदावर लिहिले: सहा, चोवीस, एकोणचाळीस. मग टंकलं, sed '6d;24d;39d'. नवी यादी झाली. चिठ्ठ्या छापून झाल्या. तिनं त्या भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे आचाऱ्याकडे सरकवल्या आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

थोड्या वेळानं खिडकीतून आचाऱ्याचं डोकं आत आलं. मोठा बोलका माणूस.

"यादीबाई, या दोन कोऱ्या चिठ्ठ्या कुणाच्या? वर भुतं दाखल झाली का?"

"फेकून द्या हो. मध्ये जागा सोडली आहे, ती छापली गेली."

"आणि गाळलेली ताटं काल तीन होती, आज दोनच. बरं झालं म्हणा, मिक्सर सकाळपासून रुसलाय." तो वळला आणि पुन्हा फिरला. "एक मात्र कळेना. तिसऱ्या वॉर्डातल्या चौदाच्या आजी मघाशी घरी गेल्या. माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या आणि वर म्हणाल्या, तुझ्या हाताला मीठ नाही. मग त्यांची चिठ्ठी कशी आली?"

"येणारच नाही. मी उडवली त्यांची ओळ."

"ही काय, माझ्या हातात आहे. तीन-चौदा, बिनमिठाचं. आता सांगा, बिनमिठाचं खाऊन वर मलाच बोल लावतात!"

तो हसत होता. धाकटीला हसू आलं नाही.  आजींची ओळ जर गेली नसेल, तर तिच्याऐवजी कुणाची गेली?

"ट्रॉली गेली का?"

"पहिला वॉर्ड आटोपला असेल. दुसऱ्यात शिरली असेल आता."

तिनं फोन उचलून तिसऱ्या वॉर्डाचा नंबर फिरवला. फोन गुंतलेला, कुणीतरी बोलत होतं. पुन्हा फिरवला. तेच. उठून पळावं असं पायांना वाटत होतं, पण पळून सांगणार काय? सगळ्यांची ताटं थांबवा म्हणून? यादीबाईला आपली यादी कळत नाही म्हणून? आणि मुख्य म्हणजे, कुणाचं थांबवायचं? ते फक्त त्या काळ्या पडद्यालाच ठाऊक होतं.

गुरुजींचा पत्ता नव्हता. त्यांना दुसऱ्या इमारतीत बोलावलं होतं. ती खुर्चीवर बसली. घाईत पहिला हुकूमच चुकला. यंत्रानं थंडपणे कळवलं की असं काही मला माहीत नाही. दुसऱ्यांदा तिनं एकेक अक्षर बघून टंकलं. कालची जुनी फाइल, आणि तिच्यात शोधायला सांगितलं, नंबरासकट: grep -n '3-14'.

उत्तर आलं. आजींची ओळ एक्केचाळिसावी.

कागदावर तिच्याच अक्षरात एकोणचाळीस होतं.

ती बघत राहिली. ओळ तीच, आजी त्याच, आणि नंबर दोन. एक जण खोटं बोलतोय. मग तिला खिडकीत पडलेल्या त्या कोऱ्या चिठ्ठ्या दिसल्या. दोन कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोनाचाच फरक. एनएलनं कोऱ्या ओळींना नंबरच दिले नव्हते. जिथे काही लिहिलेलं नाही ते काय मोजायचं, असा त्याचा हिशोब. सेड मात्र रिकामी असो की भरलेली, ओळ ती ओळ म्हणून मोजत गेला होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोघांची मोजायची रीत वेगळी होती, आणि वर्षभर कोरी ओळच नसल्यामुळे ते कधी कुणाला दिसलं नव्हतं.

म्हणजे पहिल्या वॉर्डातली बरोबर गेली. दुसऱ्यात एक ओळ वरची. तिसऱ्यात दोन ओळी वरची. चौदाच्या वर दोन.

बोटावर मोजायची गरज नव्हती, तरी तिनं जुन्या फाइलमधली एकोणचाळिसावी ओळ मागवली. माणूस वाईट बातमी दोनदा ऐकतो ना, तसं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: तीन-बारा, गाळलेलं.

चिठ्ठी नसलेल्या खाटेला साधं ताट. आणि ताटात येईल ते थोरली डोळे मिटून भरवणार.

चपला खुर्चीखालीच राहिल्या. जिना चढताना पदर कठड्यात अडकून फाटला तेही तिला कळलं नाही. दुसऱ्या वॉर्डाच्या दारात तिचे पाय क्षणभर घुटमळले. इथून घरी गेले होते नऊ नंबरचे, म्हणजे त्यांच्या वरची ओळ आठची. त्या आठ नंबरला साखरेचा विकार होता आणि त्याचीही ओळ तिनंच उडवली होती. तोही कुणाचा तरी भाऊजी असेलच.

"सिस्टर, आठचं ताट काढा! त्यात गोड आहे, त्यांना बिनसाखरेचं!"

"अहो, पण चिठ्ठी—"

"चिठ्ठी चुकली! माझ्याकडून चुकली!" ती वरच्या पायरीवरून ओरडली.

तिसऱ्या वॉर्डात ट्रॉली पार शेवटच्या खाटेपाशी पोचलेली होती. बारा नंबरच्या खाटेवर भाऊजी उशीला टेकून बसले होते. पुढ्यात भात, बटाट्याची भाजी, जाड कडेचा पाव, वाटीत खीर. कित्येक दिवसांनी माणसाचं अन्न समोर आलं होतं आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. धाकटीच्या यादीतूनच आलंय म्हणजे पथ्य सुटलं असणार, असं धरून थोरली पावाचा तुकडा भाजीत बुडवून त्यांना भरवत होती. एक तुकडा तोंडात गेलेला होता. दुसरा तिच्या हातात.

धाकटीनं तो हातातून हिसकावला. ताट ओढलं. भात चादरीवर सांडला.

"अगं ए!" थोरली किंचाळली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "डोकं फिरलं का तुझं? आजारी माणसाच्या तोंडचा घास काढतेस? वैरीसुद्धा असं करत नाही गं!"

"भाऊजी, थुंका. गिळू नका. तोंडातलं बाहेर काढा."

भाऊजींना अजून बोलता येत नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. नाही. चेहऱ्यावर असा हट्ट की बघवेना.

"तुमचं ताट नाही हे! तुमची ओळ मी चुकून उडवली. वहिनी, माझी चूक आहे, यांना गाळलेलंच द्यायचं होतं. थुंकायला सांगा हो!"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं एकदा जावेकडे पाहिलं, एकदा पावाकडे. मग तीस वर्षं घर ज्या आवाजावर चाललं होतं तो आवाज तिनं काढला.

"अहो! थुंका म्हणते ना!"

आणि तिनं त्यांच्या हनुवटीखाली स्वतःचा तळहात धरला.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तो घास तिच्या तळहातावर ठेवला. चावलेला, पण सगळा. मग ठसका लागला. धाकटीच्या आयुष्यातला तो सगळ्यांत लांब ठसका. सिस्टर धावली, पाठ चोळली, टॉर्च लावून घसा पाहिला. टाके जागेवर होते.

थोरली हात धुऊन आली आणि पुसत म्हणाली, "उडवायला माझाच नवरा सापडला का गं तुला? एवढा वॉर्ड भरलाय." आणि मग तिथेच स्टुलावर बसून तोंडाला पदर लावून रडायला लागली. धाकटी अनवाणी उभी होती. ती चादरीवरची शितं वेचत राहिली.

आचाऱ्यानं मिक्सर दोन थपडा मारून चालू केला आणि गाळलेलं ताट स्वतः वर आणून दिलं.

धाकटी आपल्या पायांनी आहारबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. आज नोकरी गेली, असं धरूनच. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "लिहून दे," त्या म्हणाल्या. तिनं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि कागद परत केला. "जागा सोडायला मी सांगितलं होतं, ते कुठे आहे? तेही लिही."

गुरुजी संध्याकाळी आले. ऐकून खालीच बसले. "एनएल कोऱ्या ओळी मोजत नाही हे मला माहीत होतं हो यादीबाई. सांगायची वेळच आली नव्हती." त्यांनी एका पट्टीवर nl -ba असं लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवली, तेवढं जोडलं की एनएलही कोऱ्या ओळी मोजतो. दुसऱ्या पट्टीवर लिहिलं, आधी बघ, मग उडव. तेव्हापासून गाळायच्या ओळी सेडकडूनच आधी छापून घ्यायच्या, डोळ्यांनी वाचायच्या आणि मगच उडवायच्या, असा नवा रिवाज पडला. आणि चिठ्ठी नसलेल्या खाटेला ताट देण्याआधी ट्रॉलीवाल्यानं सिस्टरला विचारायचं, असा दुसरा.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दुसऱ्या वॉर्डातले आठ नंबरचे गृहस्थ त्या दिवशी गोड खाऊन मोकळे झाले होते. त्यांची साखर दोन दिवस चढली आणि मग उतरली. घरी जाताना ते सांगून गेले की चूक कुणाची का असेना, चव छान होती. आहारबाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या आणि तिथल्या स्वयंपाकघरावर राज्य करत नव्वदीपर्यंत जगल्या. गुरुजी परदेशी गेले. वर्षातून एकदा त्यांचं पत्र यायचं, परिच्छेदांच्या मध्ये जागा न सोडता लिहिलेलं. आचाऱ्यानं स्वतःची खानावळ काढली. तिथल्या जेवणात मीठ जरा जास्तच असतं म्हणतात.

भाऊजी अकरा वर्षं जगले. आवाज घोगरा झाला तो झालाच. पण ताट पुढ्यात आलं की त्या घोगऱ्या आवाजात आधी विचारायचे, "चिठ्ठी आहे का?" थोरली म्हणायची, "जेवा मुकाट्यानं." ती आता एकटी असते आणि खूप थकली आहे. कुणी आलं-गेलं की सांगते, "आमच्या धाकटीनं एकदा माझ्या हातातला घास काढून घेतला होता," आणि पुढची गोष्ट धाकटीला सांगायला लावते.

धाकटीनं त्याच खोलीत नोकरी पुरी केली. आता रोज दुपारी ती थोरलीकडे जाते आणि तिला भरवते. थोरलीलाही हल्ली गाळलेलंच लागतं. भरवण्याआधी धाकटी पहिला चमचा स्वतःच्या जिभेवर ठेवून बघते. थोरली तोवर तोंड उघडून, डोळे मिटून बसलेली असते.