ऐकणाऱ्याचं बक्षीस

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं आहे. पाकीट हातात घेतलं की आत खरं आहे का खोटं, ते मला वजनावरून कळायचं. आणि ही गोष्ट चांगली जड आहे.

तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात आम्ही म्हातारे रोज सकाळी बसतो. तिथे मी एवढं बोललो, तोच स्टेनी हनुवटीपर्यंत पाण्यात सरकला. स्टेनी म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा जुना कप्तान. म्हणाला, "सुरू झाला हा. कुणीतरी पाणी गार करा रे."

"ऐकायचं नसेल तर कान बुडव."

"तुझा आवाज पाण्याखालीही येतो, ग्रीमुर. बरं, कुणाची गोष्ट?"

"ओड्डुरची."

मग तो पाण्यातून वर सरकून नीट बसला. ओड्डुरला पुरून तीन आठवडेच झाले होते.

ओड्डुर खाडीकाठच्या मांडवांवर कॉड माशाची डोकी वाळत घालायचा. चाळीस वर्षं तेच काम. ती डोकी पोत्यांनी नायजेरियाला जातात, तिथे त्यांचा रस्सा करतात. कामावरून सुटला की हा सिनेमे बघायचा. आधी गावच्या सभागृहात, मग कॅसेटवर, मग मिळेल त्यावर. सिनेमा सोडून दुसरं वेड नाही. आणि बोलताना तो अडखळायचा. त्याचं एक वाक्य पुरं होईतो कॉफी निवून जायची. म्हणून आम्ही सगळेच त्याची वाक्यं मधूनच उचलायचो आणि आपल्याला हवी तशी संपवून टाकायचो. तो मान डोलवायचा. त्याला भलतंच म्हणायचं असलं तरी.

अमेरिकेतली सिनेमाची मोठी बक्षिसं जाहीर झाली की तो पेटायचा. "सगळी बो... बोलणाऱ्यांना," म्हणायचा. शेवटी त्यानं स्वतःचं बक्षीस काढलं. वर्षाला एकच. वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांत ज्या नटानं सगळ्यांत चांगलं ऐकलं, त्याला. नायक रडतोय, उजेड सगळा नायकावर, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धा चेहरा दिसतोय. त्या अर्ध्या चेहऱ्याला.

बक्षीस म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेलं कॉडचं वाळकं डोकं. हसू नका. त्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, त्यांवरच मासा ऐकतो. मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता ओड्डुरच्या स्वयंपाकघरात समारंभ. प्रेक्षक मी एकटा. भाषण तो करणार आणि मी मध्ये तोंड घालायचं नाही, एवढाच नियम. तो मी दरवर्षी मोडला.

सोमवारी बक्षिसाची पेटी पोस्टात टाकायला माझ्या हातात यायची. लिस्बन, वॉर्सा, माद्रिद. आणि मे महिन्यात पेटी परत. कधी पत्ता अपुरा, कधी वासामुळे जकातवाल्यांनी नाकारलेली.

"मग तू काय करायचास?" स्टेनीनं विचारलं.

"सांगायचो, पोचली म्हणून. सही करून घेतली त्यांनी."

"आणि पेट्या?"

"माझ्या होडीच्या शेडमध्ये. सत्तावीस. गावातली मांजरं येडी झाली आहेत."

मला वाटलं होतं, इथे हसतील. कुणी हसलं नाही.

"म्हणजे त्याला वाटायचं की बक्षीस पोचलं," स्टेनी सावकाश म्हणाला, "आणि तरी एकानंही दोन ओळी लिहिल्या नाहीत."

"लेका, मला त्याचं मन मोडवेना."

"सत्तावीस वेळा मोडलंस की."

तेवढ्यात सोल्वेग पाण्यात उतरली. ती वृद्धाश्रमात काम करते. ओड्डुरचं शेवटचं वर्ष तिच्याच देखरेखीत गेलं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला थांबता येत असतं तर काय पाहिजे होतं.

गेल्या वर्षीचं बक्षीस ओड्डुरनं लागोसच्या एका बाईला दिलं होतं. नाव ओबियागेली. सिनेमात ती बाजारात शेंगा सोलत बसलेली असते. नायक शेजारी बसून मेलेल्या आईबद्दल बोलत राहतो, बोलत राहतो, आणि एका ठिकाणी तिचा हात थांबतो. बस्स, तेवढंच काम. ओड्डुरनं तेवढंच अकरा वेळा पाहिलं. पेटी मीच पोस्टात टाकली. मग दर आठवड्याला तो विचारायचा, "का... काही आलं?"

फेब्रुवारीत डॉक्टरनं सांगितलं की फुप्फुसं संपली. तेव्हा तो मला म्हणाला, "बक्षिसाच्या रविवारी ये. काही आलं असलं तर घेऊन ये. न... नसलं तरी ये."

"मग?" स्टेनी म्हणाला.

मग मी गेलो. रिकाम्या हातानं. तीनला पाच कमी होते. बघतो तर वृद्धाश्रमाच्या दारात टॅक्सी, आणि बर्फावर जपून पाय टाकत पिवळ्या कोटातली एक बाई उतरतेय. मला म्हणाली, "डोकं पाठवणारा माणूस कुठाय?"

"सिनेमातली?" स्टेनीनं विचारलं.

"तीच! मी विचारलं, पेटी पोचली? म्हणाली, पोचली तर. डोक्यांना आमच्याकडे कोण अडवतंय? लाकूड काढून टाकलं आणि रस्सा केला. इतकं झकास डोकं आमच्या बाजारातही मिळत नाही. खडे तेवढे ठेवलेत. आणि मूठ उघडून दाखवले."

"कुठल्या भाषेत बोलली रे ही?"

"तुला भाषेचं काय पडलंय? आत जाऊन ती त्याच्या खाटेशी बसली. दीड तास बसली. तो बोलत होता, अडखळत होता, आणि तिनं एकही वाक्य मध्ये उचललं नाही. वाट बघायची नुसती. आणि त्यानं सगळी पुरी केली, स्टेनी. त्याची वाक्यं कुठे संपतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं."

स्टेनी जवळ सरकला. वाफ वर जात होती.

"काय म्हणाला?" स्टेनीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. आयुष्यात मला पुढचं वाक्य कधी शोधावं लागलेलं नाही. ते आपलं येतंच. "म्हणाला की..." मी म्हटलं. "खूप म्हणाला. म्हणाला की..."

"खोटं," सोल्वेग म्हणाली. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. "त्या रविवारी ड्युटी माझी होती, ग्रीमुर. कुणी बाई आली नाही. कुणीच आलं नाही. त्यानं माझ्याकडून इस्त्रीचा शर्ट घालून घेतला, खुर्ची दाराकडे करून घेतली, आणि तू येशील म्हणून तो पाच वाजेपर्यंत बसून राहिला. मग बटणं मीच सोडली."